मामाजींची घडी

सौसर,
८ फेब्रुवारी १९८७

प्रिय विजू,

तुझं दिवाळीत आलेलं पत्र अजून माझ्या पर्समध्येच आहे. शाळेत मधल्या सुट्टीत काढते, वाचते, पुन्हा ठेवून देते. बाळ मान धरायला लागलं, रात्रभर तुला झोपू देत नाही, आणि त्याची जिवणी हुबेहूब तुझ्या भावासारखी, विनूभाऊसारखी आहे असं तू लिहिलंस. त्या एका ओळीपाशी मी दर वेळी थांबते. उत्तर लिहायला कितीदा तरी बसले आणि दोन ओळींवर फाडून टाकलं. आज रविवार आहे. श्रावण स्टेशनवर ड्यूटीला गेलाय, सासूबाई अंगणात उन्हाला बसून वालाच्या शेंगा सोलताहेत. आज लिहूनच टाकते. पत्र मोठं होईल. बाळाला कोणाजवळ तरी दे आणि मग वाच.

नवऱ्याचं नाव घेते म्हणून सासूबाई अजून रागावतात. पण तुला लिहिताना 'हे' कसं लिहू? शाळेत श्रावण आणि विनूभाऊ एकाच बाकावर बसायचे, आणि आपण दोघी दोन वर्गांच्या मधल्या फटीतून त्यांना मार खाताना बघून हसायचो. तुला आठवतं का, गोटमारीच्या दिवशी तुझ्या पांढुर्ण्याच्या मावशीच्या गच्चीवर आपण उभ्या होतो? नदीत पळसाचं झाड रोवलेलं, त्याला झेंडा, इकडून पांढुर्ण्याचे आणि तिकडून सावरगावचे गोटे सुटलेले. एका माणसाच्या जबड्यावर गोटा बसला आणि तू गच्चीतच उलटी केलीस. खाली विनूभाऊ गोट्यांची पाटी वाहत होता आणि आपल्याकडे बघून हात हलवत होता. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. तुझ्या घरातला माणूस तो माझ्या घरातला, असंच मी धरून चालले होते. तुझ्या घरी माझा कप वेगळा होता, खिडकीवरच्या फळीवर पालथा ठेवलेला, ते मला माहीत होतं आणि तुलाही. आपण त्याबद्दल कधी बोललो नाही.

माझ्या सासऱ्यांना, भाऊरावमामाजींना, तू लग्नात पाहिलंस तेवढंच. ते मिसरूड फुटायच्या आधी गावच्या मालगुजाराकडे, त्या बड्या जमीनदाराकडे लागले आणि पन्नाशीपर्यंत सालदार म्हणून राबले. म्हातारा मालगुजार, आताच्या मालगुजाराचा, शालिकरामचा बाप, त्याच्याकडे खिशातलं घड्याळ होतं. चांदीचं झाकण, जाड साखळी. सकाळी सालदार कामावर आले की तो ओट्यावर उभा राहून झाकण उघडायचा, घड्याळ त्यांच्यासमोर धरायचा आणि विचारायचा, "किती वाजले?" त्यांच्यातल्या कोणाला घड्याळ वाचता यायचं? सात म्हटलं तरी चूक, आठ म्हटलं तरी चूक. चुकलं की कोरडा. ओट्यावरची बाकीची मंडळी हसायची. मामाजींच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत एक जाड वळ होता, कातडी तिथे केसाळ नव्हती, गुळगुळीत होती. सासूबाई त्यांची पाठ चोळताना मी तो पाहिला. विचारलं तर मामाजी म्हणाले, "त्या दिवशी मी सहा म्हनलं होतं, पोरी. नंतर कळलं, खरंच सहाच वाजले होते."

श्रावणला रेल्वेत पॉइंट्समनची नोकरी लागली तेव्हा त्याने विचारलं, बाबा, तुम्हाला काय आणू? धोतरजोडी नको, चांदीचं कडं नको. म्हणाले, "घडी पाह्यजे. मनगटातली नाही. खिशातली. झाकनाची." श्रावण हसला. आता कोण वापरतं ते, मनगटी घड्याळ घ्या, चांगलं दिसेल. मामाजी रुसून दोन दिवस जेवले नाहीत. मग ठरलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जायचं. बैलांना विसावा तोच त्यांना विसावा. आयुष्यभराची सवय, दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांना शेत सोडवत नव्हतं. त्या दिवशी गोटमार असते हे आमच्या लक्षातच आलं नाही बघ.

बसमधून उतरलो तेव्हा गाव निम्मं बंद होतं. नदीकडून एकसारखी आरडाओरड येत होती, एका पोराला चौघांनी खाटेवर घालून आणलं, त्याच्या डोक्यावर भभूत थापली होती आणि भभुतीतून रक्त पाझरत होतं. घड्याळाच्या दुकानाची एकच फळी काढलेली. दुकानदार म्हणाला, बाबाजी, आज कशाला आलात, उद्या या. मामाजी पायरीवर बसूनच राहिले. शेवटी त्याने आम्हाला आत घेतलं, पुन्हा फळी लावली आणि दिवा लावून काचेवर तीन घड्याळं मांडली. एक नवं, पितळी, झाकणावर मोर. एक पांढऱ्या तबकडीचं, बिनझाकणाचं, रेल्वेतले साहेब ठेवतात तसं. श्रावणला तेच आवडलं. आणि एक जुनं, कोणीतरी विकायला टाकलेलं, चांदीचा मुलामा कडेला उडालेला, पण झाकण घट्ट आणि आकडे मोठे, काळेभोर.

मामाजींनी तिन्ही कानाला लावून पाहिली. मग एकेक झाकण उघडून बंद केलं. मोराचं झाकण फुसकं लागत होतं. जुन्याचं लागलं की टक्क आवाज व्हायचा. ते त्यांनी पाच-सहा वेळा उघडलं आणि लावलं, दुकानदार वैतागला तरी. तेवढ्यात फळीवर धपाधप थापा पडल्या. विनूभाऊ! त्याला कोणीतरी सांगितलं होतं आम्ही आलोय म्हणून. नदीवरून तसाच आला होता, भुवई फुटलेली, सदऱ्याच्या पुढच्या भागावर रक्त, आणि तोंडभर हसू. "काय रे श्रावन, बापाले घडी घेऊन देऊन राहिला आन मले बोलावलं नाही?" माझ्या पदराने मी त्याची भुवई पुसली. त्याने जुनं घड्याळ हातात घेतलं, तोललं, पाठीमागची झाकणी उघडायला लावून आतली चक्रं पाहिली. "काका, हेच घ्या. तुमच्या नातवाच्या लग्नापर्यंत चालन." भाव त्यानेच पाडला. साखळी कोटाच्या काजात कशी अडकवायची तेही त्यानेच मामाजींना दाखवलं. विजू, त्याचे हात त्या साखळीवर मला अजून दिसतात. बोटांच्या पेरांत नदीची माती होती.

मग मामाजींना घड्याळ शिकवायचं काम माझ्याकडे आलं. वर्गात पोरांना शिकवते तसं पुठ्ठ्याचं घड्याळ केलं. लहान काटा, मोठा काटा. 'पाऊण' आणि 'सव्वा' त्यांना फार छळायचे. चुकले की आपोआप मान आत घ्यायचे, जणू मी मारणारच. पहिल्यांदा ते लक्षात आलं तेव्हा मी उठून आत गेले आणि चुलीपाशी रडले. हळूहळू जमलं. छिंदवाड्याकडची गाडी शिट्टी देत आली की ते झाकण उघडून म्हणायचे, "वीस मिनिटं उशीर करून राहिली बाप्पा. श्रावन, तुही रेल्वे कामचुकार हाये." कोणी दारावरून गेलं तर त्याला न विचारता वेळ सांगायचे. गावात चेष्टा झाली. मालगुजाराच्या ओट्यापर्यंतही गेली असणार.

मागच्या मे महिन्यात गावी माझ्या दिराचं, हेमंतचं लग्न होतं. मुलगी पांढुर्ण्याची, स्मिता, फार गोड आहे. संध्याकाळी वरात निघाली. बँड, पंचशीलाचे झेंडे, बाया-माणसं. मामाजींनी श्रावणचा जुना रेल्वेचा कोट घातला होता. उन्हाळ्यात! घामाने निथळत होते, पण साखळी लावायला काज हवं होतं ना. वाट मालगुजाराच्या ओट्यासमोरूनच जाते, दुसरी वाट नाहीच. आधी आम्ही तिथून जाताना वाजंत्री बंद ठेवायचो. हेमंतने ठेवली नाही. ओट्यावर शालिकराम होता, त्याचे दोन भाऊ, आणखी काही माणसं, आणि विनूभाऊ. तो शालिकरामचा संत्र्याचा बगीचा ठेक्याने घ्यायला आला होता. त्याच्या सगळ्या धंद्याची मदार त्या बगीच्यावर होती, हे तुला माहीत आहे. श्रावणने नाचता नाचता त्याला हात केला, "ये ना बे, उतर खाली!" विनूभाऊ अर्धा उठलाही.

तेव्हाच शालिकरामने आवाज दिला. "काय रे भाऊऱ्या, किती वाजले?"

ओट्यावर हसू फुटलं. बँडवाला थांबला. त्या गावात त्या प्रश्नाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. मला वाटलं मामाजी मान खाली घालून पुढे जातील. ते थांबले. कोटात हात घातला, घड्याळ काढलं, टक्क करून झाकण उघडलं. बराच वेळ बघत राहिले, मला कळत होतं की ते मनात मोजताहेत, मोठा काटा कुठे, लहान कुठे. मग मान वर करून स्पष्ट म्हणाले, "सव्वापाच झाले, शालिकराम."

'मालक' म्हटलं नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा.

शालिकराम ओट्यावरून उतरला. "आन इकडं, पाहू दे." मामाजी म्हणाले, "मी सांगतलं ना. खरी वेळ सांगतली." त्याने साखळीलाच हात घातला आणि हिसका दिला. कोटाचं काज फाटलं, मामाजी पुढे ओढले गेले, पण घड्याळ त्यांनी मुठीत धरून ठेवलं. मग थोबाडीत बसली. श्रावण मधे पडला तर मागून कोणीतरी त्याच्या डोक्यात काठी घातली. तो जागच्या जागी बसला आणि कानातून रक्त आलं. ओट्याच्या आतून माणसं निघाली, काठ्या तयारच होत्या म्हण. बँडवाल्याचा ढोल फोडला, त्याला ढोलावर पाडून तुडवलं. हेमंतच्या बरगड्यांवर इतक्या लाथा बसल्या की अजून त्याला मोठ्याने हसता येत नाही. स्मिताच्या केसांना धरून एकाने तिला नालीपर्यंत फरफटत नेलं, तिच्या हातातला चुडा सगळा तिथे फुटला. मी तिला ओढून घेतलं, माझ्या पाठीवर दोन काठ्या बसल्या, त्या लागल्याचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. मामाजी मात्र अजून उभे होते. मूठ छातीशी.

आता जे लिहिते ते नीट वाच, विजू. मी हे मनात इतक्यांदा घोकलंय, त्यात एक शब्दही वाढवलेला नाही.

विनूभाऊ ओट्याखाली उतरून भिंतीला टेकून उभा होता. तोंड पांढरं पडलेलं. शालिकराम त्याच्याकडे वळला, "तूच पसंत करून देल्ली ना ही घडी? मंग आता तूच सांग याले किती वाजले. का बगीचा दुसऱ्याले देऊ?" बाजूला सोडलेली बैलगाडी होती. विनूभाऊने तिची उभारी उपसली, तो कडेला लावायचा जाड दांडा. मी ओरडले, "विनूभाऊ!" त्याने ऐकलं, त्याचे खांदे हलले. आणि मग त्याने मारलं. पहिला फटका मामाजींच्या त्या हातावर बसला, मूठ उघडली, घड्याळ धुळीत पडलं. इथे तो थांबला असता तर मी आजही म्हटलं असतं की त्याच्याकडून करवून घेतलं. घड्याळ तर पडलं होतं, शालिकराम वाकून ते उचलत होता, विनूभाऊकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. त्याने पुन्हा उभारी उचलली आणि मामाजींच्या डोक्यावर मारली. मग आणखी एकदा, ते खाली पडल्यावर. त्याचं तोंड मला दिसत होतं. त्यावर रागही नव्हता. घामेजलेलं, थकलेलं, काम उरकणाऱ्या माणसासारखं.

मामाजींना आणि श्रावणला रेल्वेच्या लोकांनी नागपूरला मेडिकलमध्ये पोचवलं. श्रावण दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. मी त्याला सांगितलं. त्याने मलाच झिडकारलं. "तुले दिसलं काय, धूळ उडून राहिली होती. विनायक वाचवाले गेला असन." बाजूच्या खाटेवरचे लोक बघायला लागले इतका ओरडला. तिसऱ्या दिवशी विनूभाऊ आलाच. हातात थर्मास, पिशवीत मोसंबी. श्रावणच्या गळ्यात पडून रडला, म्हणाला, "मी मधे पडेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं रे." मामाजींना रक्त लागत होतं, त्याने दिलं. रोज यायला लागला. सासूबाई त्याला आशीर्वाद द्यायच्या. मी त्याच्यासाठी बाकावर जागा करून द्यायचे आणि त्याच्या हातांकडे बघत बसायचे. तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. त्याला माहीत होतं की मला माहीत आहे.

मामाजी तेव्हा डोळे उघडत नव्हते. आठवडा गेला आणि एका दुपारी उघडले. आम्ही सगळे खाटेभोवती गोळा झालो. सासूबाई नाव घेऊन हाका मारत होत्या, श्रावण पाय चोळत होता. मामाजींची नजर नुसती फिरत होती, कोणालाच ओळखत नव्हती. विनूभाऊने मोसंबीचा रस चमच्यात घेतला आणि वाकला, "काका, घ्या." त्याचा चेहरा समोर आला आणि मामाजींनी चांगला हात एकदम वर उचलून डोक्यावर आडवा धरला. कोपर दुमडून, मान आत घेऊन. "मारू नका, मालक," म्हणाले. "मारू नका." विनूभाऊला! ज्याला ते पोरा म्हणायचे त्याला मालक म्हणाले. चमचा त्याच्या हातातून पडला, रस चादरीवर सांडला. श्रावण त्याच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. विनूभाऊ पाठमोरा झाला आणि खाटांमधून चालत निघून गेला. थर्मास तिथेच राहिला. त्यानंतर आम्ही त्याला पाहिलेलं नाही. मामाजी दोन दिवसांनी गेले.

माती देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी श्रावणने कुऱ्हाड काढली. पांढुर्ण्याची बस पकडून विनूभाऊचं घर गाठायला निघाला. विजू, तू त्याला ओळखतेस, शाळेत मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा. त्या दिवशी त्याचे डोळे माझ्या ओळखीचे नव्हते. मी दारात आडवी झाले. त्याने मला ढकललं, मी पुन्हा उठले. त्याने कुऱ्हाडीचा दांडा माझ्या खांद्यावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला. अजून मला फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात नेता येत नाही, पोरांना खालच्या अर्ध्यातच लिहून देते. पण मी त्याचा पाय सोडला नाही. त्याला मी काय म्हटलं ते शेवटी लिहिते.

पोलिसांनी शालिकराम, त्याचे दोन भाऊ आणि एका सालदाराला धरलं. घड्याळ मुद्देमालात जमा झालं. माझा जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा मी पाचवं नाव सांगितलं. तो लिहायचा थांबला. "बाई, अंधार असन, चूक होते." मी म्हटलं, मे महिन्यात सव्वापाचला कुठला अंधार? तो हसला, म्हणाला, विनायकराव तर दवाखान्यात रक्त द्याले होता, सगळ्या वॉर्डानं पाह्यलं. नंतर सरकारी वकिलांकडून कळलं की माझ्या जबाबात ते नाव नाहीच. मधल्या काळात आमच्या या सौसरच्या घराच्या कौलांवर दगड पडले, शाळेत माझ्या बदलीचा अर्ज कोणीतरी केला, स्मिताच्या बापाला बाजारात अडवून मारलं. हे सगळं शालिकरामच्या लोकांनी केलं. तुझ्या माणसांनी नाही, एवढं मी लिहून ठेवते.

आणि काकू आल्या होत्या, तुझी आई. हे त्यांनी तुला सांगितलं नसेल. मागच्या महिन्यात, एकट्या, जामसांवलीच्या मारुतीचा अंगारा आणि नारळ घेऊन. सासूबाई आत निघून गेल्या. काकूंनी माझा दुखरा खांदा चेपला, म्हणाल्या, "बाई, त्याची मती फिरली होती. रात्री उठून बसते पोरगा, हात धूत राहते. त्याले शालिकरामनं फसवलं. तू तर माह्या विजूची." मी चहा केला. काकूंनी घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरचा चहा, माझ्याच कपातून, एका दमात, जीभ भाजली तरी. मला तेव्हा त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्या गेल्यावर मी तो कप धुवून आमच्याच कपांत ठेवला. त्यांनी मागितलं काय ते त्यांनी शब्दांत सांगितलं नाही. मीही हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या बसमध्ये चढताना वळून बघत होत्या आणि मी हात हलवला, एवढंच. त्या हात हलवण्याला त्यांनी हो समजलं असेल, या भीतीने मी हे पत्र पुढे ढकलत राहिले.

तर विजू, पुढच्या सोमवारी, सोळा तारखेला, छिंदवाड्याला माझी साक्ष आहे. तिथे मी तुझ्या भावाचं नाव घेणार आहे. वकील म्हणतात, साक्षीत नाव आलं तर न्यायाधीश त्याला आरोपी म्हणून बोलावू शकतात; समोरचा वकील मला खोटारडी ठरवेल, दवाखान्यातलं रक्त काढेल, आपली मैत्रीही काढेल. काढू दे. त्या दिवशी दारात श्रावणच्या पायाला मिठी मारून मी हेच बोलले होते, की तू कुऱ्हाड ठेव, त्याचं नाव मी भर कोर्टात सांगते, कोणी अडवलं तरी सांगते. त्या शब्दावर श्रावणने कुऱ्हाड खाली ठेवली. तुझ्या भावाचा जीव आणि माझ्या नवऱ्याचा जीव मी त्या एका शब्दावर सोडवून घेतलाय. तो मोडला तर श्रावणला मी दुसऱ्यांदा थांबवू शकणार नाही, आणि थांबवावं असं मला वाटणारही नाही. हे तुला समन्सवरून किंवा काकूंच्या रडण्यातून कळू नये, माझ्या हाताने कळावं, म्हणून लिहिलं. मला अडवू नकोस आणि माफीही मागू नकोस. तुझा यात काही दोष नाही. कोर्टात आलीस तर काकूंजवळ बस, त्यांना कोणाचा तरी हात लागेल. मी पिंजऱ्यात उभी असताना तुझ्याकडे बघणार नाही, बघितलं तर बोलता येणार नाही. पण बाहेर आल्यावर मी पायऱ्यांपाशी थोडा वेळ थांबेन. तू आली नाहीस तर मी समजून घेईन. बाळाला माझी पापी दे.

तुझीच,
चंद्रा